पीव्हीए–पॉलिॲनिलिन फिल्म: वजन ठेवलं की रेझिस्टन्स पडतो, पावसाळा आला की ग्राफ उलटतो. चुकतंय कुठं?

धोटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. एका कॉलेजात सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधनावर) फिजिक्स शिकवते. उरलेल्या वेळात, म्हणजे रविवारी किंवा एखादा तास रद्द झाला की, पीएचडीचं काम. विषय कागदावर भारदस्त आहे: पॉलिमर ब्लेंडच्या विद्युत गुणधर्मांवर दाब आणि तापमानाचा परिणाम. प्रत्यक्षात जे आहे ते सांगते, हसू नका.

पॉलिॲनिलिन, म्हणजे वीज वाहणारा पॉलिमर, मीच बनवते. ॲनिलिन, १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, अमोनियम परसल्फेट, सगळं बर्फात ठेवून. बर्फ कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून आणते. तो आता विचारतो, "मॅडम, आज रस नाही, नुसता बर्फच?" गडद हिरवी पूड मिळते. ती धुऊन, वाळवून, पीव्हीएच्या (पॉलिव्हायनिल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) द्रावणात वजनाने १५ टक्के या प्रमाणात घोटून मिसळते आणि पेट्री डिशमध्ये ओतते. चार दिवसांनी फिल्म सुटते. जाडी ०.१२ मिमी, स्क्रू गेजने पाच ठिकाणी मोजलेली.

इलेक्ट्रोड म्हणजे १२ मिमी व्यासाच्या दोन पितळी चकत्या, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतल्या. मध्ये फिल्म. दाबासाठी कुठलाही सेल नाही. वरच्या चकतीवर दांडी, दांडीवर छोटा पाट, पाटावर मामाच्या किराणा दुकानातली लोखंडी वजनं. डिजिटल मल्टिमीटर. संपलं.

मे महिन्यातलं रीडिंग असं: १ किलोला ३८ किलोओहम, २ ला २१, ५ ला ९.२, १० ला ६.१. मी खूश. दाब वाढला, पॉलिमरच्या साखळ्या जवळ आल्या, वाहकता वाढली, असं लिहूनही टाकलं. मग वजनं उतरवत १ किलोवर आले तर ३८ यायच्या ऐवजी १७. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी २९. म्हणजे फिल्म रात्रीतून हळूहळू काहीतरी विसरली, पण पूर्ण नाही.

तापमानाचं तर विचारूच नका. २ किलो वजन ठेवून हॉट एअर ओव्हनमध्ये, वायरी वरच्या भोकातून बाहेर. मे महिन्यात आमची लॅबच दुपारी ३८ अंशांवर असते, म्हणून ४० पासून सुरुवात. ४० ला २१ किलोओहम, ६५ ला १४, इथपर्यंत सेमिकंडक्टरसारखं छान. मग वळण. ७५ ला १६, १०० ला २६. थंड करत परत ४० वर आले तर ६०!

मी म्हटलं फिल्म बिघडली असेल. सप्टेंबरात नवी फिल्म, तीच रेसिपी, तेच वजन. आपल्याकडे जो काही पाऊस पडतो तो सप्टेंबरातच, तेव्हा बाहेर धो धो चालू होता. ३० अंशांना सरळ ७ किलोओहम. आणि तापवायला लागले तर कमी व्हायच्या ऐवजी ४५ पासूनच वाढायला लागला. तोच पदार्थ, मे मध्ये एक स्वभाव आणि सप्टेंबरात दुसरा.

गाइड म्हणतात, ६५ च्या वरचे पॉइंट काढून टाका, उरलेल्यांतून सरळ रेष मारा, ॲक्टिव्हेशन एनर्जी (वीज वाहणाऱ्यांना पुढं सरकायला लागणारी ऊर्जा) लिहा, पुढच्या महिन्यात प्रोग्रेस सेमिनार आहे. रेष मारता येते हो. पण रात्री झोप लागत नाही.

दाबाचा परिणाम खरा आहे का? ते वळण कशाचं? आणि या सामानात निदान एक तरी खरा आकडा निघेल का?

---

नवखा_७७

सिल्व्हर पेस्ट (चांदीचा वाहक लेप) लावली होती का? पितळ थेट फिल्मवर ठेवलं असेल तर बाकी सगळं वाचायची गरज नाही.

---

धोटा

नाही लावली. लहान बाटलीसाठी मागणीपत्र दिलंय, ते कॉलेजच्या ऑफिसात जूनपासून आराम करतंय.

---

केबलवाले काका

ताई, पहिल्यांदा एक सांगतो. पॉइंट काढू नका. मी ३१ वर्षं केबल कारखान्याच्या टेस्टिंगमध्ये काढली. जो पॉइंट काढावासा वाटतो, नेमका तोच काहीतरी सांगत असतो.

तुमची फिल्म वाहक आहे, आमचं काम उलट्या टोकाचं, इन्सुलेशन. पण तापमानाची शिस्त दोन्हीकडे सारखी. पीव्हीसी कंपाउंडचा रेझिस्टन्स आम्ही दोनदा मोजायचो, २७ अंशांना आणि ७० अंशांना. २७ का, तर आपल्याकडे रूम टेंपरेचर म्हणून तेच धरतात. विलायतेत २० धरतात, तिथला रिपोर्ट आला की नवीन पोरं गोंधळायची. ७० का, तर पीव्हीसीची केबल चालताना तांबं तिथपर्यंत तापू द्यायचं, त्याच्या वर नाही. या ४३ अंशांत रेझिस्टन्स हजारभर पटीने उतरायचा, आणि तो माल पास व्हायचा. पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर असतो, खडूची पूड असते, स्टॅबिलायझर असतो. या सगळ्यांतून थोडे थोडे आयन सुटतात. तापलं की साखळ्या हलायला लागतात, आयनांना वाट मिळते. म्हणून लोकांना मी सांगायचो, "पीव्हीसीचा रेझिस्टन्स किती" हा प्रश्नच अर्धा आहे. किती अंशांना, ते आधी बोला.

ब्लेंडचंही सांगतो. तेलात राहणाऱ्या केबलच्या बाहेरच्या आवरणाला आम्ही पीव्हीसीत नायट्राइल रबर मिसळायचो. चिवट, तेलाला दाद न देणारं. एकदा एका हुशार साहेबांनी विचारलं, मग आतलं इन्सुलेशनही याचंच का नाही? नायट्राइल ध्रुवीय रबर आहे, मिसळलं की विद्युत रोध खाली येतो. आवरणाला ते चालतं, तांब्याला चिकटून बसणाऱ्या थराला नाही. साहेबांना पटलं नाही. नमुना करून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावला, मग पटलं.

आता तुमचं वळण. माझा संशय पाण्यावर. पीव्हीए म्हणजे पाण्याचा जीव की प्राण असलेला पदार्थ, पाण्यातच तर विरघळवता तुम्ही. पॉलिॲनिलिनही ओलं असलं की जास्त वाहतं. मे महिन्यात सोलापूरची हवा भट्टीसारखी कोरडी, तरी फिल्ममध्ये थोडं पाणी असतंच. तापवलं की दोन गोष्टी एकदम होतात: उष्णतेनं वाहकता वाढते आणि पाणी उडून वाहकता घटते. ६५ पर्यंत पहिलं जिंकलं, पुढं दुसरं. सप्टेंबरात फिल्म पाणी पिऊन बसलेली, म्हणून सुरुवातच ७ पासून, आणि उडायला पुष्कळ असल्यामुळे ४५ पासूनच रेझिस्टन्स वर. थंड केल्यावर ६० आला, कारण पाणी गेलं ते ओव्हनच्या बंद दारातून परत कसं येणार?

खात्री करायची सोपी युक्ती. फिल्मचा तुकडा तोलून ठेवा, ओव्हनमधून काढल्याबरोबर पुन्हा तोला. तुमच्या केमिस्ट्रीवाल्यांकडे चार दशांशांचा तराजू असेलच. चहा पाजून मागा.

---

कांडीवाला

मला फिजिक्स कळत नाही, पण काका पाण्याबद्दल बोलले तिथं राहवलं नाही. आमचे यंत्रमाग आहेत, अक्कलकोट रोडला. वडिलांच्या काळापासून उन्हाळ्यात शेडच्या फरशीवर पाणी मारायची पद्धत. कोरड्या हवेत ताणा सारखा तुटतो, हे एक. दुसरं म्हणजे मध्यंतरी पॉलिस्टरच्या सुताचं काम घेतलं होतं, तेव्हा एप्रिलमध्ये बीमपाशी हात नेला की केस उभे राहायचे, धागे एकमेकांना फटकून वागायचे. फरशी ओली केली की तासाभरात गुण यायचा. पावसाळ्यात त्याच सुताचा काहीच त्रास नाही. म्हणजे सूत तेच, हवा वेगळी, आणि करंट साठतो की निसटतो ते हवेवर.

आणि हे "धोटा" नाव घेतलंय, मागावरचंच, म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच दिसताय.

---

धोटा

@कांडीवाला, आजोबा पूर्व भागात मागावर होते. घरी तेलुगू, शाळा मराठी, पीएचडी इंग्रजी. त्यामुळे तीन भाषांत चुकते.

@काका, तोलून पाहिलं. तराजू मिळाला, चहाबरोबर शेंगाचटणीचं पाकीटही द्यावं लागलं. फिल्मचा तुकडा ०.२१४० ग्रॅम, ११० अंशांना एक तास ठेवल्यावर ०.१९७६. जवळजवळ पावणेआठ टक्के गेलं! आणि तराजूवर असतानाच आकडा डोळ्यांदेखत वर चढत होता. १९७६, १९७९, १९८३... हवेतलं पाणी पीत होती ती, माझ्यासमोर. मी पंधरा मिनिटं नुसती बघत उभी.

पण मग दाबाचं काय? तिथं तर पाणी नाही आलं.

---

दोन_टोकं

दाबाबद्दल मी लिहितो. मी पुण्यात असतो, पण बारावीपर्यंत सोलापूरच. डायइलेक्ट्रिक मापनावर काम केलंय.

आधी एक साधा हिशेब करू. ५ किलो म्हणजे ४९ न्यूटन. १२ मिमी चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंमी. भागाकार केला की ०.४३ मेगापास्कल येतो. ऐकायला मोठं वाटतं, पण कडक पॉलिमरचा बल्क मोड्युलस (सगळीकडून दाबल्यावर आकसायला होणारा विरोध) काही गिगापास्कल, म्हणजे काही हजार मेगापास्कल असतो. म्हणजे तुमच्या ५ किलोनं फिल्मचं आकारमान दहा हजारात एक भाग बदलेल. पाणी पिऊन मऊ झालेली फिल्म असेल तर थोडं जास्त धरा. पण रेझिस्टन्स चौपट उतरलाय. दहा हजारात एका भागानं साखळ्या जवळ येऊन चौपट फरक पडेल? माझा विश्वास बसत नाही, तुम्हीही ठेवू नका.

उतरला तो फिल्मचा रेझिस्टन्स नाही, पितळ आणि फिल्म यांच्या मधला. कडक भाकरी दोन ताटल्यांमध्ये ठेवून बघा. ती ताटलीला कुठं कुठं टेकते? जिथं फुगलीये तिथं चार-पाच ठिकाणी. हातानं दाबली की आणखी चार ठिकाणी टेकते. हात काढला तरी मोडलेले फुगे परत उभे राहत नाहीत. फिल्मचे उंचवटे असेच चेपतात, म्हणून उतरताना १७. प्लॅस्टिक असल्यामुळे रात्रभरात थोडे सावरतात, म्हणून सकाळी २९. काकांच्या पाण्यानं ओव्हनमध्ये आणखी एक खेळ केलेला असणार: वाळताना फिल्म आकसते, कडा उचलतात, टेकणं कमी होतं. म्हणजे ६० किलोओहममध्ये पाणी किती आणि उचललेल्या कडा किती, हे वेगळं काढताच येणार नाही.

तपासायची रीत: वेगवेगळ्या जाडीच्या तीन फिल्म करा. जाडी विरुद्ध रेझिस्टन्स असा ग्राफ काढा. फिल्मचाच रेझिस्टन्स असेल तर जाडी दुप्पट, रेझिस्टन्स दुप्पट, आणि रेष शून्यातून जाईल. रेष उभ्या अक्षाला जिथं छेदते तो तुमच्या जोडांचा रेझिस्टन्स.

आता खऱ्या दाबाबद्दल, कारण विषय म्हणून तीच गोडी आहे. खरा दाब म्हणजे शेकडो मेगापास्कल, तोही सगळीकडून सारखा. नमुना तेलात बुडवून तेलावर दाब देतात. असा दाब दिला की साखळ्यांमधली मोकळी जागा कमी होते, आणि मग वीज कोण वाहतंय त्यावर सगळं ठरतं. आयन वाहत असतील (पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये लिथियमचं मीठ घातलेलं असतं तसे), तर त्यांना हलायला जागा हवी. जागा गेली, वाहकता घटली. इलेक्ट्रॉन एका साखळीवरून दुसरीवर उड्या मारत असतील (तुमचं पॉलिॲनिलिन), तर साखळ्या जवळ आल्या की उडी सोपी होते, वाहकता वाढते. म्हणजे दाब हा एक प्रकारे साक्षीदार आहे. वाढली की घटली एवढ्यावरून आत कोण धावतंय ते तो सांगतो. ओल्या पीव्हीएत प्रोटॉनही धावतात, उरलेलं मीठही धावतं. त्यामुळे तुमच्या ओल्या फिल्मला खरा दाब दिला तर दोघांची ओढाताण दिसेल. कोण जिंकेल ते मी छातीठोक सांगणार नाही.

दाब आणि तापमान एकमेकांना कापतात हेही ध्यानात ठेवा. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंशांना काचेसारखं कडक असण्यातून बाहेर येतं. त्यावर १०० मेगापास्कल दाब दिला तर हाच बिंदू सुमारे ३० अंश वर सरकतो. म्हणजे जे तापवून मोकळं केलं, ते दाबून परत गोठवता येतं. ब्लेंडमध्ये दोन्ही घटकांचे बिंदू सारखेच सरकतील असं नाही. त्यामुळे एकाच तापमानाला, नुसता दाब वाढवत, एक घटक गोठलेला आणि दुसरा हलता अशी स्थिती आणता येते. ही गंमत वजनांनी मिळणार नाही.

आयन आहेत का हे मात्र आजच बघता येईल. मल्टिमीटर लावून दहा मिनिटं तसाच ठेवा. आकडा हळूहळू चढत गेला तर आयन टोकाला जाऊन साठतायत. एलसीआर मीटर (एसीवर मोजणारा) मिळाला तर १ किलोहर्ट्झला मोजा आणि डीसीशी ताडून बघा.

---

ग्रॅन्युल

सगळे जण तापमान वाढलं की वाहकता वाढते असं धरून चाललेत, म्हणून उलटी बाजू मांडतो. मी कंपाउंडिंगमध्ये आहे, कार्बन ब्लॅक (काजळी) घातलेलं प्लॅस्टिक रोज बनवतो.

एचडीपीईत (पॉलिथिनचा एक प्रकार) कार्बन ब्लॅक ठरावीक प्रमाणाच्या वर घातलं की कणांच्या साखळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागतात, वीज वाहू लागते. आता तापवा. १३० अंशांच्या आसपास एचडीपीईचे स्फटिक वितळतात, प्लॅस्टिक फुगतं, कणांचे हात सुटतात. रेझिस्टन्स हजारो पटींनी वर. आपोआप पूर्ववत होणारे फ्यूज यावरच चालतात. करंट जास्त झाला की तापतो, तापला की अडवतो, थंड झाला की सोडतो. आणखी तापवलं तर मात्र वितळलेल्या प्लॅस्टिकात कण हलून पुन्हा हात धरतात, रेझिस्टन्स परत खाली. ते धोक्याचं, म्हणून क्रॉसलिंक करून (प्लॅस्टिकच्या साखळ्या एकमेकींना जोडून) कणांना जागेवर बांधून ठेवतात.

ब्लेंडचा फायदा असा. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन मिसळलं तर कार्बन ब्लॅक सगळीकडे पसरत नाही, एचडीपीईच्या भागात जाऊन बसतं. मग नुसत्या एचडीपीईची वाट सलग असली आणि त्या वाटेत काळे कण सलग असले, की काम झालं. कमी काजळीत तीच वाहकता. दुहेरी पर्कोलेशन म्हणतात याला. काजळी कमी म्हणजे माल कमी ठिसूळ, आणि मशीनवरचा माणूसही कमी काळा.

यात दाबाचा मुद्दा: मोल्डिंगचा दाब आणि मापनाचा दाब वेगळे लिहा. आमच्याकडे एकाच ग्रॅन्युलचे दोन भाग, एक कॉम्प्रेशन मोल्डिंगचा आणि एक इंजेक्शनचा, कधीच सारखे येत नाहीत. इंजेक्शनमध्ये पृष्ठभागापाशी वितळलेलं प्लॅस्टिक जोरात घसरतं, कणांच्या साखळ्या तुटतात. गिऱ्हाइकाला हे समजावता समजावता माझे केस गेले.

तुमच्याकडे पेलेट प्रेस (पूड दाबून गोळी करायची) असेल ना? तिच्यावर टनात आकडा असतो. १३ मिमीच्या डायला १ टन म्हणजे सुमारे ७४ मेगापास्कल. वजनांच्या शेकडो पट. तो बनवतानाचा दाब म्हणून अभ्यासाला घ्या.

---

धोटा (सतरा दिवसांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. सिल्व्हर पेस्टची वाट बघून शेवटी स्वतःच्या पैशांनी मागवली, मग दिवाळीपूर्व परीक्षा.

ओळीनं सांगते. ०.०६, ०.१२ आणि ०.२४ मिमीच्या तीन फिल्म केल्या. सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये (नमुने कोरडे ठेवायचं बंद भांडं) आठवडाभर ठेवल्या. आमच्या डेसिकेटरचं झाकण नीट बसत नव्हतं, ग्रीस संपलेलं. व्हॅसलीन लावलं. आधी नुसतं पितळ आणि १ किलो: ३७, ३८, ४० किलोओहम. जाडी चौपट झाली आणि रेझिस्टन्सला पत्ताच नाही! दीड वर्षं मी पितळ आणि फिल्मच्या मधली हवा मोजत होते.

मग दोन्ही बाजूंना १२ मिमीचा पेस्टचा गोल, वाळवून, पुन्हा डेसिकेटर, पुन्हा मोजमाप: १.०८, २.१, ४.१ किलोओहम. रेष जवळजवळ शून्यातून, उभ्या अक्षावर फक्त ७० ओहम. हा ग्राफ मी प्रिंट काढून कपाटाला चिकटवलाय. ०.१२ च्या फिल्मवर १ किलोला २.१, १० किलोला २.०५. "दाबाचा परिणाम" नावाचं माझं अख्खं प्रकरण त्या ०.०५ मध्ये मावलं.

वाहकता आता लिहिता येते: साधारण ५ गुणिले १० चा उणे ६ वा घात, सिमेन्स प्रति सेंमी. दहा मिनिटं मीटर लावून ठेवला. वाळवलेल्या फिल्मवर आकडा हलला नाही. उघड्यावर एक रात्र ठेवलेल्या फिल्मवर हळूहळू चढत राहिला. @दोन_टोकं, तुमचे आयन सापडले.

तापमान: वाळवलेली, पेस्ट लावलेली फिल्म, ओव्हनमध्येच सिलिका जेलची वाटी, थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चकतीला चिकटवून. ओव्हनचा डिस्प्ले चकतीपेक्षा ६ अंश पुढं पळत होता, हेही आत्ताच कळलं. ३० ला २.१, ६० ला १.३५, परत ३० ला २.१५. गेली तशी आली! ॲक्टिव्हेशन एनर्जी ०.१३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. गाइडना दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चॅप्टरचं नाव बदला." आता प्रेसवर २, ४ आणि ६ टनाच्या गोळ्या करायच्या ठरल्यात, बनवतानाचा दाब म्हणून, १४८ ते ४४३ मेगापास्कल. @ग्रॅन्युल, आभार.

एक अडलंय. हौसेनं तीच फिल्म १२० पर्यंत नेली, तासभर. परत ३० वर आणली तर १९ किलोओहम. म्हटलं पाणी असेल, पण फिल्म तर आधीच कोरडी होती. पेस्टच्या गोलाबाहेरची कड बघितली तर हिरवी राहिली नाहीये, निळसर झालीये.

---

दोन_टोकं

०.१३ छान. फक्त एक. ३० ते ६० एवढ्या छोट्या पट्ट्यात साधी आर्हेनियस (ॲक्टिव्हेशन एनर्जी काढायची नेहमीची पद्धत) आणि मॉटची उड्यांची पद्धत, जिथं तापमानाचा उणे एक चतुर्थांश घात येतो, दोन्हींच्या रेषा सरळच दिसतात. त्यामुळे "या यंत्रणेनं वीज वाहते" असं थिसिसमध्ये लिहू नका. आकडा द्या, पट्टा द्या, पुढं जा. यंत्रणा सांगायची तर खाली, बर्फाच्याही खूप खाली मोजावं लागेल.

---

केबलवाले काका

निळा रंग म्हणजे ॲसिड गेलं. हिरवं पॉलिॲनिलिन हायड्रोक्लोरिक ॲसिडमुळे हिरवं आणि वाहक असतं. शंभरच्या वर फार वेळ ठेवलं की ॲसिड उडायला लागतं, मागे उरतं ते निळं, आणि ते वाहक नाही. शिवाय पीव्हीए ८५ च्या वर मऊ होऊन आतली मांडणी बदलते, ती परत येत नाही. थोडा वाटा तिचाही असेल.

तो तुकडा फेकू नका. ॲसिडमध्ये बुडवूही नका, पीव्हीए फुगेल. फ्यूम हूडमध्ये हायड्रोक्लोरिकच्या उघड्या बाटलीच्या तोंडावर चिमट्यानं धरा, पाच मिनिटं. हातमोजे घाला. मग पुन्हा आठवडाभर वाळवा आणि मोजा.

---

धोटा

चिमट्यानं धरलं. तिसऱ्या मिनिटाला कड हिरवी व्हायला लागली. पेस्टखाली वाफ कितपत पोचली कोण जाणे, म्हणून जुनी पेस्ट ॲसिटोननं पुसून पुन्हा धूर दिला, नवी पेस्ट लावली. आठवडा वाळवून आज मोजलं: ३० अंशांना ३.४ किलोओहम. १९ वरून बरंच खाली, पण २.१ नाही. उरलेला फरक पीव्हीएचा, की ॲसिड पुरतं आत गेलं नाही, हे बघायला आता निव्वळ पीव्हीएची फिल्म १२० ला तासभर ठेवून बघते. मामाची वजनं परत केली. पाच किलोच्या वजनाला पेस्टचा डाग पडलाय, तो मात्र निघत नाही.